कोडिंग आणि व्हिडिओसाठी लॅपटॉप: आय७ला जास्त पैसे मोजावेत का?

तुमचा प्रश्न असा की दिवसभर कोडिंग आणि अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर इंटेलचा आय५ प्रोसेसर सोडून आय७ घ्यावा का, की सरळ एएमडीचा रायझन बरा. मी म्हणेन, आय५-आय७ तूर्त विसरा आणि मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचा.

इंटेलच्या १२व्या पिढीतले दोन घ्या: आय७-१२५५यू आणि आय५-१२५००एच. त्या आय७मध्ये दमदार कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) फक्त दोन आणि वीज वाचवणारे आठ. आय५मध्ये मात्र दमदार चार आणि शिवाय तेच आठ. यू मूळचा १५ वॅटचा, एच ४५ वॅटचा. ब्राउझर, मेल, एक्सेल यांत फरक कळणारही नाही, कारण एकेका कोअरच्या वेगात आय७ किंचित पुढेच आहे. पण मोठा प्रोजेक्ट बिल्डला लावा, म्हणजे सगळ्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला घ्या, 'धाकटा' आय५ आरामात पुढे जातो. यू वाईट असं नाही. चार्जर घरी ठेवून फिरणाऱ्यासाठी तोच बरा.

मी स्वतः एकदा स्टिकर बघून फसलोय. दिसायला देखणा, पातळ लॅपटॉप. पहिली दोन मिनिटं सुसाट, मग पंख्याचा आरडाओरडा आणि वेग खाली. एकच चिप दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगळी वागते, कारण तिला किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो आणि ती उष्णता बाहेर काढणंही त्याच्याच हातात असतं. म्हणून रिव्ह्यू बघताना सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचा एका फेरीचा आकडा सोडा, सलग दहा मिनिटं चालवल्यावरचा बघा.

रायझनमध्ये सापळा वेगळा आहे. ७००० मालिकेत तिसरा अंक आर्किटेक्चर, म्हणजे चिपची आतली रचना (झेनची कितवी पिढी), सांगतो. ७८४०यू म्हणजे झेन ४, ७७३०यू म्हणजे झेन ३, आणि ७५२०यू तर झेन २, तोही चारच कोअरचा. तिन्ही 'सात हजारी', पण आतून पिढ्यांचं अंतर. ७८४०यू रास्त भावात मिळाला तर कोडिंगसाठी मी डोळे झाकून घेईन.

व्हिडिओचं गणित निराळं. तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ) देत असेल तर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्स आणि ॲपलच्या एम चिप ते हार्डवेअरवर उलगडतात. रायझन ७०००च्या अंगभूत ग्राफिक्सला ते जमत नाही, मग टाइमलाइन अडखळते. इथे कोअर मोजून उपयोग नाही.

मॅक चालत असेल तर बॅटरीवरही वेग जवळपास तोच राहतो, हे खरं सुख. फक्त एम चिपच्या मॅकबुक एअरला पंखा नसतो. लांबलचक एक्सपोर्ट रोजचेच असतील तर प्रो बघा.

आणि आय५-आय७मधल्या फरकाचे पैसे वाचलेच तर ते रॅममध्ये घाला. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) आणि ब्राउझरचे तीस टॅब एकदम उघडले की १६ जीबी बघता बघता भरते. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे ३२ जीबी हवी असेल तर खरेदीच्या दिवशीच घ्यावी लागेल.