निळी नोट आणि भोकाचा बर्फ

मागच्या अंकात मी आणि आमच्या वन्सं व्हिएतनाममधल्या सायगावला नऊ दिवस राहून आलो, त्याबद्दल लिहिलं होतं. शहराचं सरकारी नाव 1976 पासून हो ची मिन्ह सिटी. तिथली माणसं बोलताना सायगावच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पत्रं आली ती बहुतेक पोटाची आणि पैशांची, तेव्हा तीच आधी घेते.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पूर्ण शाकाहारी. बरोबर खायचं किती न्यावं? (सांगलीहून एक वाचक)

विमान रखडलं तर असावा म्हणून डबाभर चिवडा न्या. त्यापलीकडे ओझं नको. वन्सं अंडंसुद्धा खात नाहीत, आणि परत आल्यावर त्यांच्या ब्लाउजच्या शिवणी उसवाव्या लागल्या.

एकच शब्द पाठ करून जा : 'चाय'. त्याचा चहाशी काही संबंध नाही. उच्चार 'चय' आणि 'चाय' यांच्या मधला कुठेतरी, आणि अर्थ शाकाहारी. पाटीवर 'क्वान चाय' किंवा 'कॉम चाय' दिसलं की निर्धास्त आत शिरायचं. ही बौद्ध पद्धतीची खानावळ. मांस-मासे नाहीतच, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक चाय पाळतात. आम्ही नेमक्या पौर्णिमेला पोचलो. खानावळीबाहेर ही रांग! "अगं, हे तर आपल्यासारखंच वार धरणारे निघाले," वन्सं म्हणाल्या.

फक्त घाबरू नका. सोयाबीन आणि ग्लूटेनची ते अशी हुबेहूब कोंबडी करतात की कातडीवरचे टिपके पण दिसतात. वन्सं पहिल्या दिवशी ताट ढकलून उभ्याच राहिल्या होत्या. मालकिणीने स्वयंपाकघरातून सोयाचं पाकीट आणून दाखवलं तेव्हा कुठे बसल्या.

साध्या गाडीवर मात्र डोळे उघडे ठेवा. नुओक माम म्हणजे खारवलेल्या माशांचा रस, तो आपल्याकडच्या मिठासारखा सगळीकडे पडतो. नुसती नाळीची भाजी लसणावर परतून मागितली तरी त्यात तो असू शकतो. फो हे तांदळाच्या शेवयांचं सूप, पण त्याचा रस हाडांचा. बान मी म्हणजे त्यांचा पाव, त्यात आत आधी लिव्हरचं वाटण फासतात. हे सगळं 'चाय' शब्द जोडून मागितलं की शाकाहारी मिळतं, तिथेच खा.

आणि बान सेओ चुकवू नका. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. आपलं घावनच म्हणा, पण परातीएवढं. 'सेओ' हा पीठ तव्यावर पडताना होणारा आवाज, आपल्या 'चर्र'सारखा. आम्ही ज्या बाईकडे खायचो तिच्यापुढे सहा तवे होते आणि कोणत्या तव्यातलं कधी सुटेल हे ती न बघता आवाजावरून ओळखायची. आत मुगाचे मोड आणि मश्रूम घालून अर्धं दुमडायचं. खाताना तुकडा तोडून मोहरीच्या हिरव्या पानात ठेवायचा, वर पुदिना, तुळशीसारखी एक पाला-भाजी, गुंडाळी करायची आणि आंबटगोड पाण्यात बुडवून तोंडात. तुळस पानात घालून खाताना वन्संना जरा अवघड गेलं. दुसऱ्या गुंडाळीपर्यंत सवय झाली.

प्रश्न : बेन थान मार्केटमध्ये घासाघीस कशी करावी? आणि लाखांच्या नोटांचा हिशेब कसा ठेवावा? (ठाण्याहून एक गृहिणी)

हिशेबाबद्दल मला विचारताय हे बरं केलंत, कारण मी तेहेतीस वर्षं बँकेत कॅशला होते आणि तिसऱ्याच दिवशी माती खाल्ली. नदीकाठी शहाळं घेतलं, वीस हजार डाँग (हे तिथलं चलन). निळी नोट दिली आणि निघाले. पन्नास पावलांवर मागून चपला वाजल्या. शहाळेवाली धापा टाकत आली, माझी नोट माझ्या डोळ्यांसमोर ताणून धरली, मग स्वतःच्या कमरेच्या पिशवीतली दुसरी निळी नोट तिच्याशेजारी. मी पाच लाखांची दिली होती. वन्संनी ही गोष्ट आतापर्यंत तीन लग्नांत आणि एका बारशात सांगून झाली आहे.

तर : वीस हजार आणि पाच लाख, दोन्ही निळ्या, दोन्हींवर पुढे त्यांचे राष्ट्रपिता हो ची मिन्ह. मागची बाजू बघा. विसाच्या मागे होई आनचा छपराचा पूल, पाच लाखांच्या मागे झाडीतलं हो ची मिन्ह यांच्या बालपणीचं गाव. पाच लाखांची लांबीलाही जास्त आहे. मी नंतर ती वेगळ्या कप्प्यात ठेवली. हजार डाँग म्हणजे आपले तीन-साडेतीन रुपये. पाटीवर '50के' लिहिलं असेल तर पन्नास हजार.

आता बेन थान. घड्याळाच्या मनोऱ्याची ही इमारत 1914 पासूनची. आता तिच्या दारात मेट्रोचं स्टेशन झालंय, 2024 च्या डिसेंबरात सुरू झालेलं. बघायला छान, पण विक्रेत्यांना रोज पर्यटकच दिसतात, त्यामुळे भाव तसेच. निम्म्यापासून सुरुवात करा, हसत करा. एक पाळा : सकाळी दुकान उघडल्या उघडल्या नुसती घासाघीस करून निघून जाऊ नका. त्यांच्याकडे 'मो हांग' आहे, म्हणजे आपली भवानी. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेलं की दिवस वाया, असं मानतात. घ्यायचं नसेल तर दहानंतर जा.

माझ्या मते खरेदीला बेन थान सोडाच, चो लोनला जा. शब्दाचा अर्थच 'मोठा बाजार'. हा चिनी वस्तीचा भाग आणि तिथलं बिन्ह ताय मार्केट घाऊक मालाचं. ते बांधून दिलं क्वाच दाम नावाच्या चिनी व्यापाऱ्याने. भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केलेला माणूस! मधल्या चौकात त्याचा पुतळा आहे आणि दुकानदार त्यापुढे उदबत्ती लावतात. सुकवलेले झिंगे, कमळाचं बी, टोपल्या, गोणीभर मिरी, सगळं थप्प्यांनी. एकेक नग मागितलात तर बाई तुमच्याकडे दयेने बघतात.

तिथून थिएन हाऊ मंदिर चालत गाठता येतं. ही दर्यावर्दी लोकांची देवी. छताला घंटेच्या आकाराच्या, वेटोळ्या उदबत्त्या टांगलेल्या असतात, हातभर व्यासाच्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. त्या कित्येक दिवस जळत राहतात. खाली उभं राहून वर बघत बसलात तर राख चष्म्यावर पडते, एवढं सांगून ठेवते.

(पत्ता शोधताना : 1 जुलै 2025 पासून शहरातले डिस्ट्रिक्ट कागदावरून गेले. माणसं आणि जुन्या पाट्या अजून 'डिस्ट्रिक्ट 1', 'डिस्ट्रिक्ट 5' असंच म्हणतात. गोंधळू नका.)

प्रश्न : माझे गुडघे गेलेत. रस्त्यावर त्या बुटक्या स्टुलांवर बसून खायचं म्हणे? (पुण्याहून एक आजी)

आजी, वन्सं एकाहत्तरच्या आहेत. पहिल्याच गाडीवर त्या स्टुलाकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. गाडीवरच्या मुलाने एक शब्द न बोलता तीन लाल स्टुलं एकात एक घातली आणि मागून त्यांच्याखाली सरकवली. मग टेबल खाली राहिलं, तर वाडगा हातात घेऊन खाल्लं. हाताने तीन दाखवा, कुणीही रचून देतं. बेन थानच्या आतल्या खाण्याच्या गाळ्यांवर नेहमीच्या उंचीची बाकं आहेत, तो एक त्या मार्केटचा फायदा.

आणि दुपारी अकरा ते तीन खोलीत पडून राहा. गाव तेच करतं. भाड्याच्या मोटरसायकलवाले झाडाखाली गाडी स्टँडवर लावून तिच्यावरच उताणे झोपतात, पाय हँडलवर. कसे पडत नाहीत कोण जाणे.

प्रश्न : दोनच दिवस आहेत, बरोबर दहा वर्षांचा मुलगा. काय बघू? (नाशिक)

पोस्ट ऑफिस आणि राजवाडा. पोस्टाची इमारत 1891 मध्ये पूर्ण झाली, आयफेलने बांधली असं गाइड ठोकून देतात. ती आल्फ्रेड फूलू या वास्तुकाराची. आत भिंतींवर रंगवलेले दोन मोठे जुने नकाशे आहेत, मुलाला शोधू द्या. पोस्ट चालू आहे, तिथूनच त्याला स्वतःच्या नावे कार्ड टाकायला लावा. समोरचं कॅथेड्रल मार्सेयच्या विटांचं; 2017 पासून दुरुस्ती चालू आहे. परांच्या दिसल्या तर पुढे चला.

इंडिपेन्डन्स पॅलेस मात्र दोन तास घेईल. 30 एप्रिल 1975 ला, युद्ध संपलं त्या दिवशी, उत्तर व्हिएतनामच्या रणगाड्याने ज्याचं फाटक तोडलं तो हाच. तळघरात युद्धाचे नकाशे, जुने टेलिफोन, वायरलेस, गच्चीवर हेलिकॉप्टर. मुलगा निघायचं नाव घेणार नाही. युद्ध अवशेषांच्या संग्रहालयात अंगणातली विमानं-रणगाडे त्याला दाखवा, आत एजंट ऑरेंजच्या (अमेरिकेने युद्धात फवारलेलं विषारी रसायन) खोलीत तुमच्यापैकी एकानेच जा. मी बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसले होते.

प्रश्न : रस्ता कसा ओलांडायचा? (तीन पत्रं, एकच प्रश्न)

हळू, सरळ, न थांबता. मोटरसायकली तुम्हाला वळसा घालून जातात. पळालात किंवा दचकून मागे आलात की त्यांचा अंदाज चुकतो. बस आणि मोटार वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्या.

प्रश्न : व्हिएतनामने शिवाजी महाराजांचा आदर्श ठेवून अमेरिकेला हरवलं आणि तिथे महाराजांचा पुतळा आहे, असं वाचलं. कुठे आहे? (साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, तो मजकूर माझ्याही मोबाईलवर वर्षातून दोनदा येतो. मी विचारत फिरले, पुतळा काही दिसला नाही. ताओ दान बागेत गांधीजींचा अर्धपुतळा आहे.

तुम्ही त्याऐवजी नदीकाठच्या मे लिन्ह चौकात जा. तिथे त्रान हुंग दाओचा पुतळा आहे, नदीकडे बोट दाखवणारा. तेराव्या शतकातला त्यांचा सेनापती. 1288 मध्ये मंगोल आरमार आलं तेव्हा त्याने बाख दांग नदीच्या तळात टोकदार खांब रोवले, भरतीला शत्रूला आत ओढलं आणि ओहोटी लागली तशी जहाजं खांबांवर अडकली. गनिमी कावा त्यांच्या घरचाच आहे. वाचताना महाराजांची आठवण येईल ती तुमची तुम्ही आणा, ते नाही म्हणणार नाहीत.

पत्रात पुढे देवळाची सोयही विचारलीत : बेन थानपासून चार-पाच मिनिटांवर त्रुओंग दिन्ह रस्त्यावर मारिअम्मनचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. दर्शनाला आता बहुतेक स्थानिक मंडळीच. ऑफिसचा गणवेश घातलेली एक मुलगी मागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटत होती, चांगली पाच मिनिटं.

प्रश्न : तिथली कॉफी आणि बर्फ पोटाला चालतो का? (कोल्हापूर)

नळासारखा, मधे आरपार भोक असलेला बर्फ कारखान्यातून येतो, तो आम्ही रोज खाल्ला. लादीचा फोडलेला बर्फ नको. कॉफी रोबस्टा जातीची, कडक. व्हिएतनाम या जातीच्या कॉफीत जगात पहिला. पेल्यावर ॲल्युमिनियमची गाळणी ठेवतात, तिला फिन म्हणतात. खाली आटवलेल्या दुधाचा थर, त्यावर थेंब थेंब काळा रस. घाई असेल तर पिऊ नये. संध्याकाळी चारनंतर तर नकोच. मी एकदा घेतली आणि पहाटे तीनला वन्संना उठवून गप्पा मारल्या. सौम्य हवी तर 'बाक सिऊ' मागा, त्यात दूध जास्त.

फिन घरी आणायचं असेल तर बिन्ह तायलाच स्वस्त. पण एक द्या म्हटलं तर ती बाई डझनाखाली बोलेना. पाच वाटले, सात आहेत. कुणाला हवं असेल तर कळवा.