तीन डॉक्टर, तीन निदानं

प्रश्न : धाकटा भाऊ २२ वर्षांचा. कुणीतरी नावाने हाक मारतं म्हणतो. वर्षभर गांजा ओढायचा, हल्ली झोपत नाही. एक डॉक्टर म्हणाले नैराश्य, दुसरे नशा, तिसरे स्किझोफ्रेनिया. कुणाचं खरं मानू?

उत्तर : ताई, तिघंही आपापल्या भेटीपुरते बरोबर असू शकतात. आवाज ऐकू येणं ही काही स्किझोफ्रेनियाची (भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराची) मक्तेदारी नाही. तीव्र नैराश्यात, नशेत, अपस्मारातही (फिट्सच्या आजारात) ते येतात. म्हणून आम्ही तारखा खोदून विचारतो (नातेवाईक वैतागतात, माहीत आहे). गांजा सुटून महिना उलटला तरी आवाज टिकले, तर नुसत्या नशेवर खापर फोडता येत नाही. मन थाऱ्यावर असतानाही येत राहिले, तर नुसतं नैराश्यही नाही. त्यात स्किझोफ्रेनियाचे निकषही वेगळे : डीएसएम-५ (अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका) किमान ६ महिन्यांचा त्रास मागतं, आयसीडी-११ ला (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीला) १ महिना पुरतो.

एका वहीत झोप, गांजा, आवाज, मूड तारखेनिशी लिहा आणि ती वही एकाच डॉक्टरांना दाखवत राहा. थायरॉईड, बी-१२ तपासलंय का, विचारा. औषधं परस्पर बंद करू नका. जीव द्यायची भाषा आली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात न्या.