रुजू झालो, पण रुळलो नाही

नव्याने लागलेले प्राध्यापक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते बहुतेक पहिलं सत्र संपत आलं की, दिवाळीच्या आगेमागे. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. "एवढ्या वर्षांनी कायमची नोकरी मिळाली, घरच्यांनी पेढे वाटले, मग सकाळी विभागात जायला मलाच नको का वाटतं? माझी निवड चुकून तर झाली नाही ना?" पुरुषांना हे बोलायला जरा जास्त वेळ लागतो. आधी ॲसिडिटी आणि पाठदुखी सांगून होते.

हे सर भूगोलाचे सहायक प्राध्यापक. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नांदेडकडचे, पस्तिशीच्या आसपासचे. प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा सेट झालेली, पीएचडी झालेली, तरी सात वर्षं तासिका तत्त्वावर इकडून तिकडे शिकवत राहिलेले. मग एका मोठ्या विद्यापीठाच्या विभागात निवड झाली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, त्यामुळे ती आणि मुलगी गावाकडेच. माझ्याकडे त्यांना तिनेच पाठवलं. "ती म्हणते, फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ माझ्यासमोरही त्यांनी हूं हूं केलं.

रुजू झाले त्या दिवशी पुष्पगुच्छ मिळाला. विभागप्रमुखांच्या खोलीत फोटो निघाला, व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी हातात टाइमटेबल. स्वागत म्हणून जे काही व्हायचं ते एवढंच. रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, अंतर्गत परीक्षेचे गुण कुठे भरायचे, सेवापुस्तिका कोण उघडणार, हे सगळं 'कळेलच हळूहळू' या खात्यात जमा.

झोप रात्री दोनच्या पुढे लागायची. का, तर दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी. मी म्हटलं, एखादी तयारी दाखवा. त्यांनी लॅपटॉप उघडला. मान्सूनवरचा एक तास आणि त्यासाठी 62 स्लाइड. साठ मिनिटांत 62! मुलांनी प्रश्न विचारला तर वेळ कुठून काढता, असं विचारलं तर म्हणाले, "तेच तर मॅडम. वेळच उरायला नको. प्रश्न आला आणि मला आलं नाही तर?"

अमेरिकेतल्या विद्यापीठांत 1980 नंतरच्या काळात नव्या प्राध्यापकांचे अभ्यास झाले. त्यांतही हेच दिसलं होतं. नवा माणूस तयारीत स्वतःला गाडून घेतो, चुका होऊ नयेत म्हणून मजकूर ठासून भरतो आणि सहकाऱ्यांशी बोलायला त्याच्याकडे वेळ उरत नाही. जे लवकर रुळतात ते तयारी कमी करतात आणि माणसांत जास्त वेळ घालवतात. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी काहीतरी आळशीपणाचा सल्ला देते आहे असे भाव होते.

मग त्यांनी मुख्य तक्रार काढली. विभागात जीआयएस लॅब आहे, म्हणजे संगणकावर नकाशे करायची प्रयोगशाळा. तिला कायम कुलूप. प्रात्यक्षिकं ते वर्गातच प्रोजेक्टरवर चित्रं दाखवून उरकत होते. "मला लॅब द्यायचीच नाहीये. बाकीचे वापरतात."

"कुणी नाही म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे मॅडम? कुलूप दिसतंच की."

अशा वेळी मी कागदावर तीन रकाने आखते. पहिल्यात काय घडलं, दुसऱ्यात त्याचा मी काय अर्थ लावला, तिसऱ्यात आणखी काय असू शकतं. समुपदेशनात हे जुनंच साधन आहे. पण अट अशी की पहिल्या रकान्यात फक्त कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच लिहायचं. सरांनी लिहिलं: 'लॅब मुद्दाम बंद ठेवतात.' मी 'मुद्दाम' खोडायला लावलं. 'मीटिंगमध्ये प्रमुखांनी दुर्लक्ष केलं' याचं झालं, 'मीटिंगमध्ये प्रमुख माझ्याशी बोलले नाहीत.' दुसरा रकाना भराभर भरला. तिसऱ्यापाशी पेन अडलं.

अडलं कशामुळे, ते त्यांच्या मागच्या सात वर्षांत होतं. तासिका तत्त्वावरचं आयुष्य महाराष्ट्रातल्या हजारो नेट-सेटधारकांना माहीत आहे. तासाला पैसे, सुट्टीत शून्य, मानधन येईल तेव्हा येईल, आणि दरवर्षी पुन्हा मुलाखत. स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नाही. अशा ठिकाणी माणूस एक गोष्ट पक्की शिकतो, की विचारायचं नाही. चौकशी करणारा, हिशोब मागणारा पुढच्या जूनमध्ये परत बोलावला जाईलच असं नाही. सात वर्षं ही सवय सरांच्या कामी आली होती. कायम जागेवर आल्यावर तीच गळ्याशी आली. किल्ली कुणाकडे असते हे त्यांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

आमचं ठरलं ते एवढंच: पुढच्या आठवड्यात तीन लोकांना तीन छोट्या गोष्टी विचारायच्या, आणि सुरुवात विभागप्रमुखांपासून करायची नाही. नवीन लोकांना मी नेहमी हेच सांगते. विभाग चालवणारी माणसं बऱ्याचदा पाटीवर नसतात. ऑफिसातला वरिष्ठ लिपिक, लॅब अटेंडंट, परीक्षेचं काम पाहणाऱ्या एखाद्या मॅडम यांच्याशी बोलणं झालं की निम्मी भीती ओसरते.

पुढच्या भेटीत ते थोडे ओशाळून सांगत होते. लॅबच्या मामांकडे गेले. मामा म्हणाले, "सर, तुम्ही किल्ली मागायला आलाच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला लॅब लागत नसंल." भिंतीला रजिस्टर टांगलेलं होतं, त्यात सही करायची आणि किल्ली घ्यायची. सगळे तसंच करत होते.

आजकाल अशा वेळी 'इम्पोस्टर सिंड्रोम' हा शब्द लगेच पुढे येतो. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये यशस्वी स्त्रियांचा अभ्यास करून ही भावना मांडली, की मिळालेलं यश आपलं नाही आणि कधीतरी आपलं पितळ उघडं पडणार. सरांमध्ये ती होतीच. पण सगळं त्या खात्यावर टाकायला माझी तयारी नसते. ज्याला कुणी काहीच दाखवलं-सांगितलं नाही त्याला आपण उपरे आहोत असं वाटलं, तर त्यात निम्मा दोष संस्थेचा आहे. तो माणसाच्या मनावर ढकलून उपचार करत बसणं बरं नव्हे.

आणि एक गोष्ट तर मनाची नव्हतीच. पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने हसत विचारलं होतं, "कुठल्या कॅटेगरीतून?" हे सरांनी फार उशिरा सांगितलं. कागदावर लिहिलं तेव्हा तिसरा रकाना आम्ही कोराच ठेवला. त्या प्रश्नाचा दुसरा, सौम्य अर्थ शोधायला मी त्यांना सांगितलं नाही. ते वाक्य तारखेसह डायरीत लिहून ठेवायचं, पुन्हा झालं तर "आपल्याला हे का जाणून घ्यायचंय?" एवढंच शांतपणे विचारायचं आणि तरीही चालू राहिलं तर विद्यापीठाच्या एससी-एसटी कक्षाकडे लेखी जायचं, असं ठरवलं. 'नवीन आहे, सहन करू' हे अशा ठिकाणी लागू नाही.

प्रोबेशनची, म्हणजे परिविक्षेच्या काळाची, धास्ती वेगळीच. प्रश्न विचारले की गोपनीय अहवालात शेरा येणार, कन्फर्म करणार नाहीत, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. नियुक्तीचं पत्र नीट वाचलंय का, असं विचारलं तर फाइलला लावून ठेवलं होतं. पुढच्या वेळी घेऊन आले, दोघांनी ओळन् ओळ वाचलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत परिविक्षेचा काळ एक वर्ष आहे आणि काम समाधानकारक नसेल तर तो आणखी जास्तीत जास्त एक वर्ष वाढवता येतो. त्याच नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. सरांच्या टाइमटेबलमध्ये 20 होते, शिवाय महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी एकाची फाइल. नवा माणूस आला की नॅकची फाइल त्याच्या गळ्यात, ही सगळीकडची रीत! ते टाइमटेबलचा कागद घेऊन प्रमुखांकडे गेले. उत्तर आलं, "एवढं सत्र निभावून न्या, पुढच्या वेळी बघू." गोड बोलून जादा काम त्यांच्याच गळ्यात राहिलं खरं, पण त्यांनी विचारलं आणि आभाळ कोसळलं नाही.

तुम्ही म्हणाल, नव्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग असतात की. असतात. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर त्यासाठी विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. नावं बदलत गेली आणि आता मालवीय मिशनची केंद्रं आहेत. 'गुरु-दक्षता' नावाचा महिन्याभराचा वर्गही आहे. पण पुष्कळ जण तिकडे जातात ते पुढच्या बढतीला प्रमाणपत्र लागतं म्हणून. सरांनी अर्ज केला तेव्हा परीक्षांचं कारण सांगून त्यांना रिलीव्ह केलं नाही. केलं असतं तरी आपल्याच विभागातली किल्ली कुठे टांगलेली असते हे तिथे कुणी सांगितलं नसतं. त्याला विभागातलंच कुणीतरी लागतं. एका नव्या माणसामागे एक जुना माणूस पहिलं सत्रभर नेमून दिला, एवढं जरी प्रमुखांनी केलं तरी माझ्याकडची गर्दी कमी होईल.

तयारीसाठी आम्ही रात्री साडेदहाची वेळ ठरवली, त्यापुढे लॅपटॉप बंद. पहिले काही दिवस ते अंधारात जागेच पडून राहिले. झोप आणि भूक आणखी घसरली असती तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवणार होते. तशी वेळ आली नाही. स्लाइड वीसच्या आत आल्या. मग वर्गात ते ज्याला भीत होते तेच झालं. एका मुलीने एल निनोबद्दल विचारलं आणि त्यांना नीट सांगता आलं नाही. "पुढच्या तासाला बघून सांगतो," हे वाक्य आम्ही माझ्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलेलं होतं, ते त्यांनी तिथे वापरलं. पुढच्या तासाला सांगितलंही. आता डबा ते केबिनचं दार लावून खात नाहीत. परीक्षेचं काम पाहणाऱ्या मॅडमच्या टेबलावर बसतात आणि विभागाच्या निम्म्या बातम्या त्यांना तिथेच कळतात.

किती दिवसांत रुळेन, याचं उत्तर मी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष असं देते. प्रवेश, प्रात्यक्षिकं, पेपर सेटिंग, पेपर तपासणी, निकाल हे चक्र एकदा डोळ्याखालून गेल्याशिवाय नोकरी सोडायचा विचार करू नका, असंही सांगते.

सरांचं वर्ष अजून व्हायचं आहे. विभागाबद्दल ते आता फारसं बोलत नाहीत. बोलतात ते घराबद्दल. बायकोची आंतरजिल्हा बदली होईल तेव्हा होईल, मुलगी बाबांना फोनवर ओळखते आणि समोर आले की लाजते. रविवारी खोलीवर काय करायचं, हा त्यांचा सध्याचा प्रश्न आहे. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.