चिंगीला देऊन टाकायचं का?

प्रिय ताई,

दोन महिन्यांची असताना मांडीवर झोपणारी तुमची कुत्री चिंगी आता पाच महिन्यांची आहे आणि दिसेल त्याचे हातपाय चावते. बाहेर शू करायला शिकली होती, तरी पुन्हा घरात करू लागली आहे, आणि तीही बहुतेक वेळा तुमचे मिस्टर कामावरून आले की दारातच. ते वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिला मारतात, नाक शूमध्ये घासतात. ज्या मुलीने हट्ट करून तिला आणवलं, ती आता सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. महिनाअखेरीस चिंगीला कुणाला तरी देऊन टाकायचं असं ठरतंय, आणि तुम्ही विचारता, ‘पिल्लूच वाईट निघालं का?’

नाही हो. दारातल्या त्या प्रसंगाबद्दलच आधी लिहिते, कारण सगळं गाडं तिथेच अडलंय. तुम्ही लिहिलंय की त्यांना पाहताच चिंगी कान मागे घेते, अंग चोरते आणि मग शू होते. ती शू मुद्दाम केलेली नसते. लहान कुत्री मोठ्यापुढे नमतं घेतात तेव्हा त्यांचा ताबा असा सुटतो. ‘मला काही करू नका’ हे सांगायची ती त्यांची रीत आहे. त्यावर मार बसला की भीती वाढते, आणि भीती वाढली की शूही वाढते. मिस्टरांना हा परिच्छेद वाचायला द्या. घरात आल्यावर त्यांनी थोडे दिवस तिच्याकडे बघूही नये, बोलूही नये. पाठ फिरवून चपला काढाव्यात, आत जाऊन बसावं. ती आपणहून जवळ आली की वाकून डोक्यावर हात ठेवण्याऐवजी खाली बसून छातीपाशी खाजवावं. शू झालीच तर मुकाट्याने पुसायची. बहुतेक पिल्लांची ही सवय वाढत्या वयात सुटते, पण मार थांबला तरच.

इतर वेळीही घरात शू होत असेल तर आधी पशुवैद्याकडून लघवी तपासून घ्या. मादी पिल्लांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो, आणि त्यावर शिस्तीचा काही उपयोग नाही. तपासणीत काही निघालं नाही, तर झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, शिवाय दिवसा दर दोन-तीन तासांनी. बाहेर शू केली की त्याच क्षणी खाऊ द्यायचा, घरात परतल्यावर नाही. अमोनिया असलेल्या द्रावणाने फरशी पुसू नका, त्या वासाने ती पुन्हा तिथेच जाईल.

आता चावणं. या वयात दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येत असतात. साधारण चौथ्या महिन्यात हे सुरू होतं आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालतं. हिरड्या शिवशिवत असतात. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये गार करा आणि समोर बसून चावायला द्या. संध्याकाळी ती पिसाटल्यासारखी धावत सगळ्यांचे पाय पकडते, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, ती तेव्हा दमलेली असते. या वयाच्या पिल्लाला दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते, आणि माणसांनी भरलेल्या घरात ती क्वचितच मिळते. दुपारी तिला शांत खोलीत ठेवा आणि कुणालाही उठवू देऊ नका.

तुमच्या लेकीची मला जास्त काळजी वाटते. ती किंचाळत पळते, आणि पळणारी गोष्ट पिल्लाला खेळच वाटते. तिला हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायला शिकवा. मजा संपली की चिंगी निघून जाईल. रोज ‘बस’ म्हणून खाऊ द्यायचं काम तिच्याकडे द्या, पण खाऊ हातातून न देता जमिनीवर टाकायचा. बाकी जबाबदारी तिच्यावर टाकू नका. अकरा वर्षांचं मूल कुत्र्यावर माया करू शकतं, त्याला वाढवायचं काम घरातल्या मोठ्यांचं. आणि दातांनी कातडी फुटली असेल तर चिंगीच्या लसी झालेल्या असल्या तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. यात हयगय नको.

खोटा धीर देणार नाही. दात येऊन झाले की चिंगी वयात येईल आणि वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत शिकलेलं मधूनमधून विसरल्यासारखी वागेल. तेवढा काळ दोघांपैकी कुणालाच पेलणार नसेल, तर चांगलं घर शोधून तिथे देणं हा गुन्हा नाही. पण मार खाणाऱ्या, अर्धवट झोपलेल्या पिल्लाकडे बघून तो निर्णय घेऊ नका. महिनाअखेरची मुदत दोन महिन्यांनी पुढे ढकला, वर्तमानपत्राची गुंडाळी आजच बंद करा आणि दारात काय फरक पडतो ते मला कळवा.

तुमची,
मावशी