जुना वॉल्व्हवाला सिग्नल जनरेटर घेतलाय पण डायल चुकतेय. रेडिओ अलाइन करायच्या (म्हणजे त्याची आतली ट्यूनिंग जुळवायच्या) आधी तो दुरुस्त आणि कॅलिब्रेट कसा करू?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या जुन्या बाजारातून हीथकिटचा एसजी-8 सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा टेस्ट सिग्नल देणारं यंत्र) मिळाला, सोबत एक व्हीटीव्हीएम (वॉल्व्हवर चालणारा व्होल्टमीटर) पण आला, आणि जनरेटर 455 किलोहर्ट्झवर लावला की तुमच्या मर्फी रेडिओतून काही धड येत नाही पण डायल 470 च्या आसपास नेली की टोन खणखणीत वाजतो, तर आता जनरेटर उघडून आतली कॉइल ॲडजस्ट करावी का. माझं स्पष्ट मत, कॉइलला हात लावू नका. डायल बरोबर करायची काही गरजच नाही, जनरेटर एका जागी स्थिर राहिला आणि त्याचा आउटपुट हवा तेवढा कमी करता आला की झालं, फ्रिक्वेन्सी किती आहे ते बाहेरून मोजायचं.

आणि 470 ला वाजतंय म्हणजे जनरेटरच चुकतोय हे कशावरून? इंग्लंडच्या डिझाइनवर बनलेल्या बऱ्याच सेटचा आयएफ (रेडिओ आत प्रत्येक स्टेशन ज्या एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) 465 किंवा 470 असायचा, फिलिप्सच्या बऱ्याच सेटमध्ये 452 सापडतो, 455 हा मुख्यतः अमेरिकन आणि नंतर जपानी सेटचा आकडा. किंवा असंही असेल की आधीच्या कुठल्या मेकॅनिकने आयएफटीचे (आयएफच्या ट्रान्सफॉर्मरचे) स्लग, म्हणजे कॉइलमधले फिरणारे गाभे, मन मानेल तसे फिरवून ठेवलेत. या दर्जाच्या सर्व्हिस जनरेटरची डायल 2-3 टक्के इकडेतिकडे असणं काही विशेष नाही, आणि 455 चे 3 टक्के म्हणजे जवळपास 14 किलोहर्ट्झ होतात, तुमचा फरक साधारण तेवढाच आहे. म्हणजे दोन्हीपैकी कुणावरही आत्ता विश्वास ठेवता येत नाही, अशा वेळी एकाकडे बघून दुसरा फिरवायला गेलात तर आगीतून फुफाट्यात.

आधी करंटचं बघू कारण तिथे जीव जाऊ शकतो. एसजी-8 अमेरिकन मालाचा आहे, 117 व्होल्टचा. मागची पट्टी बघा आणि सरळ आपल्या 230 च्या सॉकेटात घालू नका, ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसाच परत मिळणार नाही. 230 ते 110 चा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळेल, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड आहेच. आणि तो ऑटोट्रान्सफॉर्मर नको, वेगवेगळ्या वाइंडिंगचा मागा, दुकानदार आधी स्वस्त म्हणून ऑटोच काढून देतो. पहिल्यांदा चालू करताना 230 च्या बाजूला सिरीजमध्ये 60 वॉटचा जुना तारेचा बल्ब लावा, एलईडी नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

त्याच्याही आधी केबिनेट उघडून मेन्सच्या वायरपासून चेसिसला गेलेले छोटे कंडेन्सर शोधा. त्या काळच्या इक्विपमेंटमध्ये हे सर्रास असायचे, लाइनचा आवाज दाबायला, पण जुना पेपर कंडेन्सर लीक झाला की चेसिस आणि केबिनेट दोन्ही मेन्सला जोडले जातात आणि तुम्ही मात्र नॉब धरून बसलेले. ते काढा, लावायचेच असतील तर वाय-2 रेटिंगचे लावा, आणि टू-पिन वायर फेकून देऊन तिथे थ्री-पिन टाका, हिरवी वायर चेसिसला घट्ट स्क्रूने.

मग पॉवर सप्लाय. आत पट्ट्या-पट्ट्यांचा सेलेनियम रेक्टिफायर असेल, म्हणजे आधी कुणी बदलला नसेल तर. तो काढून 1एन4007 लावा, पण सिलिकॉनचा ड्रॉप एक व्होल्टही नसतो आणि सेलेनियमचा बराच जास्त, त्यामुळे बदलल्यावर बी-प्लस (वॉल्व्हना लागणारा मोठा डीसी व्होल्टेज) वाढतो. सर्किटमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत तो खाली येईल असा एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, शंभर ओहमपासून सुरू करून मीटर बघत वाढवायचा. सेलेनियम जळला तर भयंकर घाण वास येतो, तो धूर विषारी आहे, खिडकी उघडून बाहेर जा. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक बदला, पेपर कंडेन्सर सगळे काढून पॉलिस्टर लावा. कार्बन रेझिस्टर एक पाय सोडवून मोजा, जुने झाले की त्यांची व्हॅल्यू वर चढते, 20 टक्क्यांच्या बाहेर गेलेला असेल तोच बदला. ऑसिलेटरच्या भागातले मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर मात्र तसेच राहू द्या आणि तिथल्या वायरी सुबक दिसाव्यात म्हणून सरळ करत बसू नका, वायर अर्धा इंच सरकली तरी वरच्या बँडची फ्रिक्वेन्सी बदलते. हा माल किट म्हणून विकला जायचा, घेणारा घरी बसून जोडायचा, कॉइल फक्त कंपनीतून तयार येत. त्यामुळे एखादा पीस घड्याळजीने जोडल्यासारखा असतो तर दुसऱ्यात निम्मे सोल्डर कोरडे, तेव्हा सगळे जॉइंट एकदा गरम करून घेतलेले बरे.

वॉल्व्हची काळजी नको. 12एयू7 म्हणजेच ईसीसी82, तो अजून नवा बनतो कारण गिटार ॲम्प्लिफायरवाल्यांना लागतो, आणि 6सी4 म्हणजे साधारण त्याचा अर्धा भाग, तोही जुन्या स्टॉकमध्ये मिळतो. बँड स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एखादा थेंब ब्रशने लावून स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवा, अख्खी बाटली फवारू नका. गँगच्या (डायलने फिरणाऱ्या ट्यूनिंग कंडेन्सरच्या) पानांमधली धूळ मऊ ब्रशने काढायची, तिथे तेलकट स्प्रे अजिबात नको, तेलाचा थर राहिला की परत धूळ धरतो आणि ड्रिफ्ट वाढतो. गँगच्या शाफ्टला टेकणारी पितळी पत्ती असते ती मात्र चकचकीत करा, डायल फिरवताना खरखर येते किंवा फ्रिक्वेन्सी उडी मारते ती बऱ्याचदा त्या पत्तीमुळेच.

आता कॅलिब्रेशन. आधी नुसतं मेकॅनिकल बघा, गँग पूर्ण बंद केली (पानं पूर्ण एकमेकांत गेली) की पॉइंटर डायलच्या शेवटच्या खुणेवर येतो का. येत नसेल तर स्क्रू ढिला करून पॉइंटर सरकवा, पुष्कळदा अर्धी चूक इथेच संपते कारण कुणीतरी कधीतरी नॉब काढून अंदाजे परत बसवलेला असतो. मग जनरेटर अर्धा तास तापू द्या. वॉल्व्हचं इक्विपमेंट चालू केल्या केल्या मोजलं तर तो आकडा कशाच्याच कामाचा नसतो.

फ्रिक्वेन्सी मोजायला काही शे रुपयांत चायनीज काउंटर मॉड्यूल मिळतं ते घ्या, आउटपुटलाच जोडा, ऑसिलेटरच्या कॉइलला जोडलात तर जोडल्यामुळेच फ्रिक्वेन्सी सरकेल. मोजताना 400 सायकलचं मॉड्युलेशन (सिग्नलवर चढवलेला टोन) बंद, नाहीतर आकडे नाचत राहतात. काउंटर तरी खरं बोलतोय का हे बघायला आपल्याकडे फुकटातलं स्टँडर्ड आहे, आकाशवाणी. मीडियम वेव्हच्या स्टेशनने आपली फ्रिक्वेन्सी 10 हर्ट्झच्या आत ठेवायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आपल्या दोघांच्या टेबलावर एवढं अचूक काही नसेल. पुण्याचं 792 घ्या, मुंबईचं 558 किंवा 1044, नागपुरात कुणी वाचत असेल तर 585, आपल्या भागातले हे सगळे आकडे 9 च्या पाढ्यातले असतात. जे स्टेशन तुमच्याकडे अजून चालू आहे आणि दिवसा स्वच्छ लागतं तेच घ्या, रात्री लांबची स्टेशनं एकमेकांत घुसतात.

एखादा साधा ट्रान्झिस्टर 792 ला लावून ठेवा, जनरेटरच्या आउटपुटला फूटभर वायर लावून ती ट्रान्झिस्टरजवळ नुसती पडू द्या, आणि जनरेटरची डायल त्या आकड्याजवळ हळूहळू न्या. निवेदकाच्या आवाजावर बारीक शिट्टी चढेल, आणखी जवळ गेलात की शिट्टी उतरत उतरत गुरगुर होईल, मग गुरगुरही कानाला लागेनाशी होते आणि निवेदकाचाच आवाज फुगतो-बसतो, फुगतो-बसतो असं ऐकू येतं. तो फुगवटा सेकंदाला एखाद-दोनच उरला की समजा तुम्ही एक-दोन हर्ट्झच्या आत आहात. त्या क्षणी काउंटर 792.00 दाखवत असेल तर काउंटर चांगला आहे.

हीच युक्ती काउंटरशिवायसुद्धा चालते, कारण या जनरेटरमधून हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट असे सिग्नल) भरपूर निघतात. डायल 396 जवळ ठेवली की दुसरा हार्मोनिक 792 ला पडतो, 264 जवळ ठेवली तर तिसरा. खुद्द 455 साठी डिजिटल डिस्प्लेवाला रेडिओ असेल, एक-एक किलोहर्ट्झने सरकणारा, तर तो 910 ला लावा आणि मॉड्युलेशन चालू करून जनरेटर 455 च्या आसपास फिरवत टोन सगळ्यात मोठा कुठे येतो ते बघा. मग रेडिओ 1365 ला न्या, तिथेही तोच टोन आला पाहिजे. दोन्हीकडे आला म्हणजे मूळ सिग्नल 455 च आहे, फक्त 910 ला आला असता तर चुकून दुसऱ्या बँडवर 910 च लावून बसलात असं झालं असतं, बँड स्विच एक घर इकडेतिकडे राहिला की हे होतंच.

बँडमागे चार-पाच जागी डायलचा आकडा आणि खरा आकडा असं लिहून कागद जनरेटरच्या डोक्यावर चिकटवा, तेच तुमचं कॅलिब्रेशन. शॉर्टवेव्हला चीनचं बीपीएम 10 मेगाहर्ट्झवर टाइम सिग्नल देतं, संध्याकाळी आपल्याकडे लागतं, त्याच्यावर तसाच झिरो बीट (वरच्यासारखी शिट्टी शून्यावर आणणं) करून एक पॉइंट पक्का होईल. त्याच्यावरच्या बँडच्या नादाला लागू नका, मीडियम वेव्हच्या रेडिओला त्यांचं काही काम नाही. आणि टीव्हीच्या रिमोटमधला 455 चा रेझोनेटर काढून स्टँडर्ड बनवा असं कुणी सांगेल, तर तो सिरॅमिक असतो, अर्धा टक्का इकडेतिकडे म्हणजे दोन किलोहर्ट्झ सहज, रिमोटला चालतो आपल्याला नाही.

आउटपुटची गोष्ट वेगळी. हे जनरेटर गळतात, ॲटेन्युएटर (आउटपुट कमी करायचा नॉब) शून्यावर आणला तरी रेडिओत टोन येतच राहतो. केबिनेटचे सगळे स्क्रू लावा, चेसिस आणि केबिनेट जिथे टेकतात तिथला रंग खरवडून धातू धातूला भिडू द्या, वायर शील्डची वापरा, आणि जनरेटर रेडिओपासून जमेल तेवढा लांब ठेवा. तरीही थोडं गळेल, तेवढं चालतं. हे महत्त्वाचं का, तर अलाइन करताना सिग्नल जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवायचा असतो. जास्त दिलात की एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सर्किट) गेन खाली ओढते, मग स्लग फिरवला तरी पीक पसरट लागतो आणि तुम्हाला वाटतं हाच बरोबर.

रेडिओला जोडायच्या आधी त्याचे वॉल्व्ह बघा. यूसीएच42, यूएल41 असे यू-वाले निघाले तर तो एसी-डीसी सेट आहे, त्याची चेसिस मेन्सच्या एका वायरला थेट जोडलेली असते, आणि तुमच्या अर्थ केलेल्या जनरेटरची ग्राउंड क्लिप तिथे लावलीत तर प्लग कसा बसलाय त्यावर एकतर काही होणार नाही किंवा फ्यूज उडून वायर जळेल. अशा सेटला 230 ते 230 चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि क्लिप लावल्यावरसुद्धा एका हाताने काम करायची सवय ठेवा. बाकी पद्धत नेहमीचीच, 0.01 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून मिक्सरच्या (स्टेशन आयएफवर आणणाऱ्या वॉल्व्हच्या) ग्रिडला सिग्नल, शेवटच्या आयएफटीपासून मागे मागे येत पीक करायचं, मग 600 किलोहर्ट्झला पॅडर आणि 1400 ला ट्रिमर (दोन्ही ट्यूनिंगचे छोटे ॲडजस्ट होणारे कंडेन्सर), दोन्ही आलटून पालटून, एकाने दुसरा हलायचा थांबेपर्यंत.

व्हीटीव्हीएमचं थोडक्यात. आधी उघडून ओहमचा 1.5 व्होल्टचा सेल काढा, तो गळून होल्डर हिरवा झालेला असणार. डीसीचं कॅलिब्रेशन आतल्या पॉटने होतं, चांगल्या डिजिटल मीटरशी एकाच बॅटरीवर ताडून बघितलं की पुरे. ओरिजिनल प्रोब आहे ना ते मात्र नक्की बघा, त्याच्या टोकात 1 मेगओहमचा रेझिस्टर असतो आणि मीटरचं डीसी कॅलिब्रेशन तो धरूनच केलेलं असतं, प्रोब हरवून कुणी साधी वायर लावली असेल तर डीसी वाचन दहा टक्के जास्त येईल, शिवाय वायरची कपॅसिटन्स थेट सर्किटवर पडेल. एव्हीसी लाइनवर लावून स्लग फिरवताना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा शंभर पटीने सोयीचा, आकडे वाचत बसावं लागत नाही, काटा कुठे परत फिरला ते दिसतं.

मर्फीचा मॉडेल नंबर आणि आतल्या वॉल्व्हचे नंबर खाली टाका, मागच्या पुठ्ठ्यावर किंवा चेसिसवर छापलेले असतात. त्यावरून निदान सेट एसी-डीसी आहे का ते सांगता येईल, सर्व्हिस शीट सापडली तर आयएफचा आकडाही मिळेल. तोपर्यंत आयएफटी आणि जनरेटर, दोन्हीकडचे स्लग आहेत तसेच राहू द्या.