घोडी तळाला, तारा तरीही उंच

प्रश्न : १९५०च्या दशकातील एक आर्चटॉप (वरची फळी कमानीसारखी फुगीर असलेली) गिटार विकत घेण्याचा माझा विचार आहे. घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज) तळापर्यंत उतरवलेली असूनही बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) तारा फार उंच आहेत. ट्रस रॉड (नेकमधील, म्हणजे दांडीतील, धातूची सळई) थोडा आवळला की काम भागेल, असे विक्रेता म्हणतो. यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. ट्रस रॉडने नेकचा बाक कमीजास्त होतो. नेक आणि खोके यांच्यातील कोन त्याने बदलत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून दोष त्या कोनातच असावा. तबली (वरची फुगीर फळी) खचली असती तर घोडीही तिच्याबरोबर खाली गेली असती आणि तारा पडद्यांना लागू नयेत म्हणून घोडीची उंची ठरवणारी चाके वर फिरवावी लागली असती. येथे नेमके उलटे घडले आहे. खात्री करायची तर नेक सरळ असताना पोलादी पट्टी पडद्यांवर ठेवून घोडीपर्यंत न्यावी. ती घोडीच्या माथ्याच्या किंचित खाली पोचली तर ठीक; बरीच खाली गेली तर नेक पुढे झुकला आहे असे समजावे. घोडीचा माथा कोणी तासून पातळ केला आहे का, हेही पाहावे, कारण हा दोष झाकण्याचा तो जुना आणि स्वस्त उपाय आहे.

जुन्या आर्चटॉपमध्ये नेक बहुधा डव्हटेल सांध्यात (पारव्याच्या शेपटीसारख्या खाचेत) सरसाने बसवलेला असतो. तो वाफेने सोडवून, टाचेचे (खोक्याला टेकणाऱ्या नेकच्या बुडाचे) लाकूड बेताने तासून नव्या कोनात बसवणे हे निष्णात कारागिराचे काम आहे. म्हणून त्याचा खर्च आधी विचारून तो मागितलेल्या किमतीतून वजा करावा. हा खर्च करण्याजोगे वाद्य आहे का, हे ठरवताना तबली कशी घडवली आहे ते पाहावे. एफ आकाराच्या छिद्राच्या कडेवर थर दिसले तर ती प्लायची, लाकडाचे तंतू सलग उतरताना दिसले तर कोरलेली. प्लाय म्हणजे हलक्या प्रतीचे वाद्य, असे मात्र मी मानत नाही. गिब्सन कंपनीची १९४९ मधील ईएस-१७५ ही गिटार प्लायचीच होती, आणि ॲम्प्लिफायरसमोर अशी तबली कोरीव स्प्रूसपेक्षा कमी घुमते.

जुना सेल्युलॉइडचा पिकगार्ड (तबलीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) चुरा होत असेल, तर तो लगेच काढून वाद्यापासून दूर ठेवावा. त्यातून निघणाऱ्या वायूने जवळचे धातूचे भाग गंजतात.

प्रश्न : सगळ्या तारा एकदम काढल्या आणि घोडी सरकली. आता खालचे स्वर जुळतात, वरचे बेसूर लागतात.

उत्तर : आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते, म्हणून यापुढे तारा एकेक करून बदलाव्यात. आधी तारांची उंची ठरवून घ्यावी, कारण उंची बदलली की घोडीची जागाही बदलते. नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचपट्टीपासून) बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजून, तेथून पुढे तेवढ्याच अंतराहून किंचित जास्त अंतरावर घोडी ठेवावी. मग बाराव्या पडद्यावरील हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला स्वर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे (तारांची मागची टोके अडकवलेल्या भागाकडे), उतरा असेल तर नेककडे न्यावी, मात्र प्रत्येक वेळी तारा सैल करूनच, नाहीतर पॉलिशवर कायमचा ओरखडा उमटतो. घोडीचे पाय तबलीच्या उंचवट्यावर पुरते टेकलेले नसतील तर सूर जुळूनही आवाज दबलेला येईल. अशा वेळी तबलीवर सॅंडपेपर खरखरीत बाजू वर करून धरावा आणि त्यावर पाय हळूहळू घासून बसवावेत.