सोळाव्या वर्षी रात्रीची पाळी नको

प्रश्न : माझ्या मुलाला नुकतीच सोळा वर्षे पूर्ण झाली असून यंदा त्याने दहावीची परीक्षा दिली आहे. अकरावीचा प्रवेश होईपर्यंत काहीतरी काम करावे, या विचाराने त्याने महामार्गालगतच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये स्वतःच चौकशी केली. दुपारी चार ते रात्री अकरा ही वेळ, पगार रोख, मूळ आधार कार्ड मालकाकडे ठेवायचे आणि तीन महिने काम सोडणार नाही असे लिहून द्यायचे, असे त्याला सांगण्यात आले. आपल्या घरात आजवर कुणी लोकांच्या कपबशा विसळलेल्या नाहीत, असे म्हणून त्याच्या वडिलांनी विरोध केला आहे. मला मात्र त्याने कष्ट पाहावेत असे वाटते. काय करावे? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : मुलाला कामाला अवश्य जाऊ द्यावे, परंतु या ठिकाणी नाही. वडिलांचा आक्षेप मी फारसा मनावर घेणार नाही. कपबशा विसळल्याने कुणाची पत जात नाही. खरी अडचण वेळेची आहे.

बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला परक्याच्या हॉटेलात कामाला ठेवताच येत नाही. चौदा ते अठरा या वयातील मुलांना धोकादायक ठरवलेली कामे वगळून इतरत्र ठेवता येते, मात्र काही अटींवर. सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्यांना काम देता येत नाही. सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, आणि ही विश्रांती व कामाची वाट पाहत बसण्याचा वेळ धरून दिवसाचे एकूण सहाच तास. जादा काम मुळीच नाही, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि मुलाचे नाव, जन्मतारीख व कामाच्या वेळा यांची नोंदवही मालकाने ठेवणे बंधनकारक. तुमच्या मुलाला सांगितलेल्या सात तासांपैकी शेवटचे चार तास सरळ सरळ बेकायदेशीर आहेत. गार्डन रेस्टॉरंटचा धंदाच दिवेलागणीनंतर सुरू होतो. त्यामुळे "सातला घरी सोडा" अशी विनंती मालकाने तोंडदेखली मान्य केली, तरी गर्दीच्या वेळी ती पाळली जाईल असे मला वाटत नाही.

तुम्ही कोल्हापुरात राहता, ही जमेची बाजू आहे. तुमच्याकडे मिसळीच्या हॉटेलांत सकाळीच झुंबड उडते. आठ ते अकरा काम, तासभर विश्रांती आणि पुन्हा बारा ते दोन, अशी पाळी तिथे कायद्यात चपखल बसते. भल्या पहाटे कट उकळायला लागतो तेव्हा मात्र त्याला बोलावता येणार नाही. सुरुवातीला टेबल पुसणे, पाणी देणे, ऑर्डर भटारखान्यात पोहोचवणे अशीच कामे मिळतील, आणि ती कमी लेखू नयेत. चार टेबलांवरची गिऱ्हाइके एकाच वेळी पाव मागत असताना कुणाची ऑर्डर आधीची होती हे ध्यानात ठेवणे, उशीर झाल्यास तसे आपणहून सांगणे आणि चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलणे, हे शिकायला त्याला एक रविवारची सकाळ पुरेल. उकळत्या कटाची बादली घेऊन टेबलांमधून फिरण्याचे काम मात्र त्याच्याकडे देऊ नये, असे मालकाला आधीच बजावून ठेवा. मोरीजवळची फरशी कायम ओली असते. तेव्हा चपला न घालता पकड असलेले बंद बूट घालावेत. भाजलेच तर टूथपेस्ट किंवा तूप न लावता ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी, हे त्याला घरूनच सांगून पाठवा.

आता कागदपत्रांविषयी. मूळ आधार कार्ड कुणाकडेही ठेवू नये. वयाच्या पुराव्यासाठी छायाप्रत पुरते. तीन महिन्यांच्या लेखी हमीला घाबरण्याचे कारण नाही, कारण १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक ठरत नाही. तरीही अशी हमी मागणारा मालक पुढे पगार अडवण्याची शक्यता असते, म्हणून त्याच्यापासून लांब राहिलेले बरे. जिथे काम ठरेल तिथे पगार किती, कोणत्या तारखेला, खाडा झाल्यास कपात किती, टिप वाटून घेतात की ज्याची त्याला, हे पहिल्याच दिवशी तुमच्यासमक्ष बोलून घ्या. ‘आधी आठवडाभर काम बघू, मग पगाराचे ठरवू’ हे ऐकून घेऊ नका. पगार शक्यतो त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः व्यवहार करता येतील अशी बचत खाती उघडून देण्यास रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना मुभा दिली आहे.

सुट्टीनंतरही त्याचे मन या कामात रमले, तर दहावीच्या आधारावर आयटीआयमध्ये खाद्यपदार्थ निर्मितीचा अभ्यासक्रम करता येतो. बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन दादरच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी पदवीचे शिक्षण घेता येते. अकरावीचे वर्ग सुरू झाल्यावर मात्र रोजचे काम बंद करून फक्त रविवारची पाळी ठेवावी, आणि हेही मालकाशी आत्ताच ठरवून घ्यावे.